शनिवारी मुलांच्या हाती टकळी द्या

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



आपल्या खात्याने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला, तेव्हा माझ्यासारख्या अनेक शिक्षकांना मनापासून बरे वाटले. आठवड्यातून एक दिवस तरी पाठ्यपुस्तक मिटलेले असावे, ही आमची जुनीच इच्छा होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांनी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांच्या सोबतीने काम शिकत घालवावेत असे म्हटले आहे. म्हणजे वेळ मिळाला आहे आणि धोरणाचा आधारही आहे. त्या वेळेत करायचे काय, इथे मात्र बहुतेक शाळा अडतात. मग शनिवारी चित्रे रंगवली जातात, एखादा खेळ होतो, थोडी योगासने होतात आणि ‘डोळे मिटून शांत बसा’ असे सांगून ध्यानही उरकले जाते.

माझी विनंती अशी आहे : ज्या शाळांची तयारी असेल, त्या शाळांत मुलांना हाताने सूत कातायला शिकवा. टकळीवर शिकवा, आणि साधन मिळेल तिथे पेटीचरख्यावर.

मी वर्धा जिल्ह्यात विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर गावातली मुले माझ्याकडे सुट्टीच्या दिवशी कातायला येतात. त्या अनुभवाच्या बळावर लिहिते आहे. हे पत्र गांधीजयंतीच्या कार्यक्रमासाठी नाही. दोन ऑक्टोबरला व्यासपीठावर चरखा ठेवायचा, पाहुण्यांनी चाकाला हात लावून फोटो काढायचा, आणि संध्याकाळी तो चरखा पुन्हा कपाटात, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. त्याने चरख्याचेही भले होत नाही आणि मुलांचेही.

आधी कातताना काय घडते ते सांगते, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. पेळूच्या, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीच्या, टोकाचे थोडे तंतू चरख्याच्या चातीशी, म्हणजे फिरत्या टोकदार सळीशी, अडकवायचे. उजव्या हाताने चाक फिरवायचे, डाव्या हाताने पेळू मागे घ्यायचा. चाती फिरेल तसा तंतूंत पीळ चढतो. पीळ कमी पडला की तंतू एकमेकांवरून सरकून निसटतात आणि सूत सुटते. जास्त झाला की सुताला आढी पडते आणि ते तुटते. ओढ आणि पीळ यांचा हा मेळ डोळ्यांनी बसवता येत नाही; अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून तंतू सरकतात, तिथे तो कळतो. हात खांद्यापर्यंत मागे गेला की क्षणभर चाक उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, सूत चातीला काटकोनात आणायचे आणि गुंडाळून घ्यायचे. पुन्हा टोकाशी, पुन्हा ओढ.

सुरुवातीला मुले चिडतात. सूत सारखे तुटते. कोणी पेळू आवळून धरतो, कोणी चाक भरधाव पळवतो, कोणी शेजारच्याचे बघत बसतो. मी काही बोलत नाही, कारण बोलायची गरजच पडत नाही. शेजारी बघितले की सूत तुटले, हे मुलाला त्याच क्षणी त्याच्या हातात कळते. ना मी रागावले, ना गुण कापले. तुटलेली दोन टोके एकमेकांवर ठेवून जरा पीळ दिला की सांधली जातात, हेही त्याला लगेच कळते. काही दिवसांनी एक वेळ अशी येते की खोलीत फक्त चाकांचा आवाज असतो. पेळू मागे घेताना श्वास लांबतो, गुंडाळताना आत येतो. हे मी कोणाला शिकवलेले नाही. हात संथ झाला की श्वास आपोआप त्याच्यामागे जातो.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला डोळे मिटून बसवणे, माझ्या मते, पुष्कळदा त्याच्यावर अन्यायच असतो. मनाला धरायला काही दिलेले नाही आणि मन पळाले तर दोष त्याचा. कातताना मनाच्या हातात एक तार असते. मन पळाले की तार सांगते, परत आले की तीच पुन्हा लांबू लागते. मोठ्यांच्या ध्यानशिबिरांत जे शब्दांनी समजावावे लागते ते इथे मूल बोटांनी समजून घेते. विनोबांनी आयुष्यातला केवढा काळ कातण्यात घालवला हे आपल्याला ठाऊक आहे. वर्ध्याजवळच्या नालवाडीत तर फक्त कताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग त्यांनी केला. कातणाऱ्या बाईला मिळणाऱ्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे त्यांना स्वतःच्या अंगावर तपासायचे होते. त्यांच्या लेखी चित्ताची एकाग्रता आणि दोन पैशांचा हिशेब या वेगळ्या गोष्टी नव्हत्या. मुलांना कातायला शिकवताना हे दोन्ही टिकवले पाहिजे. नुसती मनःशांती म्हणून कताई विकली तर ती शहरातल्या एखाद्या महागड्या शिबिराची शोभा होईल. नुसते उत्पादन म्हणून लादली तर ती बालमजुरी होईल.

आता शिक्षणाचे बोलते. आमच्या भागात कापूस दारात असतो. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोल्याची मुले वेचणीच्या दिवसांत शेतात जातात, घरातल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला पाहतात, त्यावर लोळतात. मग तो गाडीत भरून जिनिंगला जातो आणि त्यांच्या आयुष्यातून नाहीसा होतो. परत येतो तो दुकानातल्या शर्टाच्या रूपात. मधला सगळा प्रवास त्यांना अंधारात आहे. बापाच्या शेतातला कापूस आणि अंगावरचा गणवेश यांचा संबंध काय, हे कापूसपट्ट्यातल्या सातवीच्या मुलाला सांगता येत नसेल, तर आपण त्याला शिकवले काय, असा प्रश्न मला पडतो.

एकदा बोंडातून कापूस काढून तो मुलांकडून तोलून घ्या. सरकी वेगळी करून पुन्हा तोलायला लावा. रुई साधारण एकतृतीयांश भरते, बाकी सगळी सरकी. बाजारात भाव कापसाचा असतो की रुईचा, गाठ कशाची बांधतात, सरकीचे तेल आणि पेंड कुठे जाते, हे प्रश्न मुले स्वतःच विचारू लागतात. रुईची गाठ १७० किलोची असते. ती किती क्विंटल कापसातून निघते, हे गणित मग फळ्यावर उगाच मांडलेले राहत नाही, घरातल्या हिशेबाचे होते.

सुताचा अंक हे तर अंकगणिताचे सोने आहे. एक ग्रॅम सुताची लांबी २० मीटर भरली तर ते २० अंकी सूत. ४० मीटर भरली तर ४० अंकी. शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू आणि एक मीटरपट्टी एवढ्यात ते मोजता येते. मुले आपापले सूत मोजतात. कोणाचे ८ अंकी निघते, कोणाचे १५, आणि एकाच गुंडीत दोन ठिकाणी मोजले तर दोन आकडे येतात, म्हणून सरासरी कशाला काढायची हे सांगावेच लागत नाही. मग मी त्यांना विचारते, शर्टाचे वजन २०० ग्रॅम आणि सूत ४० अंकी, तर शर्टात सूत किती? आठ किलोमीटर. आमच्या गावापासून तालुक्याच्या रस्त्यावर आठ किलोमीटर म्हणजे कुठवर, हे त्यांना पायांनी माहीत असते. वर्ग एकदम शांत होतो आणि एखादी मुलगी आपल्या बाहीकडे बघत बसते. जुन्या पद्धतीत चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी आणि चार लटींची गुंडी, म्हणजे ६४० तार. ही जुनी मापे आणि आजच्या गुंडीचे हजार मीटर यांची सांगड घालताना एककांचे रूपांतर असे काही पक्के होते की तो धडा वेगळा घ्यावा लागत नाही.

एकदा एका मुलाने मला विचारले, “बाई, जाड ठिकाणी पीळ का शिरत नाही?” मी तीस वर्षे घर्षण शिकवले, पण एवढा नेमका प्रश्न पुस्तकातल्या धड्याने कधी विचारायला लावला नव्हता. पीळ आधी बारीक जागी धावतो, कारण तिथे वळायला विरोध कमी. त्यामुळे बारीक भाग घट्ट होतो आणि जाड भाग सैल राहतो. सैल म्हणूनच तो पुढच्या ओढीत लांबवता येतो आणि बारीक होऊन बाकीच्यांच्या बरोबरीला येतो. म्हणजे हात हलका असेल तर सूत स्वतःच स्वतःला सारखे करत जाते. तीन सेंटिमीटरही न भरणारे सुटे तंतू एकमेकांना कसे धरून ठेवतात, आणि सूत ओढावे तसे ते अधिकच घट्ट का आवळले जातात, हे एकदा त्या मुलाच्या चिमटीत उतरले की घर्षणाची व्याख्या तो घोकत बसत नाही.

इतिहासही इथेच आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातल्या एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि त्या मण्यांना चिकटून धागा टिकला होता. त्यात कापसाचे तंतू ओळखता आले. तीन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात कोणीतरी हा पीळ दिला होता. ज्या मुलाने स्वतः टकळी फिरवली आहे त्याला हे वाचताना जे वाटते ते मी इतर कोणत्याही मार्गाने वर्गात आणू शकले नाही.

साहेब, आता आक्षेपांकडे येते, कारण ते खरे आहेत आणि त्यांना बगल देऊन ही विनंती करणे बरोबर नाही.

हा प्रयोग महाराष्ट्रात एकदा झाला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची, कल्पना मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने अभ्यासक्रम तयार केला. पुढे सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघाने, आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने, त्यात जीव ओतला. त्या समितीने सुचवलेले वेळापत्रक आपण पाहावे. साडेपाच तासांच्या शाळेत मूळ उद्योगाला ३ तास २० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटे. मला नई तालीमबद्दल अपार आदर आहे, तरीही हे प्रमाण चुकीचे होते असे मी स्पष्टपणे म्हणेन. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा त्यामागे होती, आणि त्या अपेक्षेनेच कताईला ओझे केले. सेवाग्रामसारखी चांगल्या शिक्षकांची जागा सोडली तर अनेक ठिकाणी चरखा शिकवण्याचे साधन न राहता नेमून दिलेले काम झाला.

रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२५ मध्येच हा धोका सांगितला होता. सगळ्यांनी एकच यांत्रिक हालचाल करत राहावी याने मन बोथट होते, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्यांना उत्तर दिले. मी दोघांचेही लेखन मुलांपुढे ठेवते. सक्तीच्या बाबतीत मला रवींद्रनाथांचे पटते. कातणे मन बोथट करते, हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत खोटे ठरलेले आहे. जिथे कोटा असतो तिथे बोटे यंत्र होतात. जिथे नसतो तिथे बोटे विचार करतात.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्यांच्या आजोबांना जातीने नेमून दिलेल्या हातकामातून बाहेर पडायला दोन पिढ्या लागल्या, ते पालक विचारतील : आमच्या पोरांनी पुन्हा सूत कातायचे आणि शहरातल्या पोरांनी संगणक शिकायचा? हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. म्हणून माझी विनंती फक्त जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या फीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांनीही टकळी हातात घेतली पाहिजे, आणि मुलगे-मुली दोघांनीही. किंबहुना सुरुवात तिकडूनच झाली तर मला आनंद होईल. हे फक्त गरिबांच्या मुलांवर येणार असेल तर आपण ते करूच नये, एवढे ठामपणे लिहून ठेवते.

आणि कातल्याने कापसाला भाव मिळणार नाही. शेतकऱ्याच्या घरातले प्रश्न टकळीने सुटत नाहीत. तसे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मुलाला आपल्या बापाच्या पिकाची किंमत आतून कळते, एवढेच टकळी करते, आणि तेवढे मला पुरेसे वाटते.

म्हणून परिपत्रक काढण्याआधी काही गोष्टी पक्क्या कराव्यात. कताईला गुण नकोत, श्रेणी नको, तालुकास्तरीय स्पर्धा नको. दर शनिवारी फोटो काढून लिंकवर भरण्याचे काम शिक्षकांना देऊ नका. ज्या क्षणी फोटोसाठी कातणे सुरू होईल त्या क्षणी खोलीतली शांतता संपेल. एका निविदेतून राज्यभरासाठी हजारो चरखे खरेदी करून पाठवू नका. अशी आलेली साहित्याची खोकी न फोडता पडून असलेली मी पाहिली आहेत. टकळीला बांबूची काडी आणि करवंटीची किंवा भाजलेल्या मातीची चकती पुरते, आणि ती मुलांनी स्वतः केली तर चकती मधोमध नसली की टकळी का डगमगते हा आणखी एक धडा फुकट मिळतो. कापूस गावातला घ्या. सोबत देशी वाणाचाही मिळाला तर दोन्हीचे तंतू शेजारी ठेवून लांबी मोजता येते.

खरा खर्च करायचा तो शिक्षकांवर करा. ज्याला कातता येत नाही त्याला ते शिकवता येत नाही. चित्रफीत लावून तर अजिबात नाही. आधी इच्छुक शिक्षकांना बोलवा, त्यांना काही महिने स्वतः कातू द्या, आणि मगच मुलांपुढे बसवा. त्यासाठी जागा आहेत. वर्ध्याचे मगन संग्रहालय, ज्याचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी केले, तिथे चरख्यांचे कितीतरी प्रकार पाहायला मिळतात. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही शेती, स्वयंपाक आणि कताई यांतून शिकवले जाते. तिथल्या शिक्षकांनी केलेल्या कामाकडे खात्याने विद्यार्थी होऊन पाहावे.

यंत्रांची आवड असलेल्या मुलांसाठीही इथे खूप आहे. पेटीचरखा येरवड्याच्या तुरुंगात आकाराला आला. पेटीत मावणारी दोन चाके, एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने चातीला वेग द्यायचा. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. किर्लोस्करवाडीतूनही त्यासाठी यंत्र तयार झाले. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. आपल्या तंत्रनिकेतनांतल्या मुलांना हे सांगितले आहे का कोणी? ते बक्षीस आज पुन्हा लावावे असे नाही, पण चाकाचा आणि चातीचा व्यास मोजून वेगाचे गुणोत्तर काढायला आठवीच्या मुलाला कोणत्याही संचाची गरज नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काही अभ्यासात पुढे आहेत, काही मागे. कातताना ही रांग बदलते. वाचताना अडखळणारी एक मुलगी सगळ्यांत बारीक सूत काढते आणि पहिला येणारा मुलगा तिच्याकडून शिकतो. एवढ्यानेही वर्गातली हवा बदलते. आपण शाळांना दिलेल्या शनिवारचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

आपल्याला एकच आग्रहाचे निमंत्रण आहे. एखाद्या शनिवारी वर्ध्याला या. सोबत अधिकारी, छायाचित्रकार कोणी नको. दोन तास मुलांमध्ये बसा आणि स्वतः टकळी फिरवून बघा. सूत तुटेल, मुले सांधायला शिकवतील. निर्णय त्यानंतर घ्या.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
वर्धा जिल्हा